सासूबाईंचा डावा पाय आणि माझं प्रमाणपत्र

प्रमाणपत्र मिळालं तर मला चार गोष्टी मिळणार होत्या. एक, नावापुढे लावायला आणखी पाच अक्षरं. दोन, स्वतंत्र खोली. सध्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर मी आणि पेशंटचे हात शेकायच्या मेणाचं गरम भांडं अशा दोघांत एक खोली आहे, आणि खिडकी मेणाच्या बाजूला येते. तीन, मण्यांमधून सुटका. गेली एकोणीस वर्षं मी थेरपिस्ट म्हणून बोटं आखडलेल्या माणसांना मणी ओवायला, खुंट्या रोवायला आणि बटणं लावायला शिकवतो आहे. माझ्या स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण मात्र बायको लावते. चौथी गोष्ट मी अर्जात लिहिली नव्हती. ती अशी, की आयुष्यात एकदा तरी सासूबाईंचं काम माझ्या सहीवाचून अडणार होतं.

ही चौथी गोष्ट पहिल्या तिन्हींपेक्षा जड का, ते सांगायला हवं. सासूबाई वाहन परवाना कार्यालयात एकतीस वर्षं परीक्षक होत्या. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पास केलं आणि उरलेल्या निम्म्यांना आधी नापास करून मग पास केलं. मी उरलेल्यांतला. पहिल्या खेपेला मी आरशात न बघता मान वळवली म्हणून नापास झालो, दुसऱ्या खेपेला मान न वळवता आरशात बघितलं म्हणून. तिसऱ्या खेपेला आरसा, मान, पुन्हा आरसा असं सगळं यथासांग केलं, तेव्हा त्यांनी तांबड्या पेन्सिलीने शेरा मारला, 'काठावर'. त्याच कार्यालयाच्या बाकावर त्यांचा डबा घेऊन आलेली मुलगी मला भेटली, प्रकरण लग्नापर्यंत गेलं, पण शेरा काही बदलला नाही. मला नोकरी लागली तेव्हा, बढती मिळाली तेव्हा, बढती हुकली तेव्हा, जावई कसे आहेत असं कुणीही विचारलं की त्या म्हणत, "बरे आहेत. काठावर."

प्रमाणपत्राची कल्पना माझी नव्हे, विभागप्रमुख बाईंची. त्यांनी मला एक दिवस बोलावून विचारलं, "आपल्याकडे वर्षाला शंभरेक पेशंट विचारतात, मी पुन्हा गाडी चालवू का. आपण काय सांगतो?"

"डॉक्टरांना विचारा."

"आणि डॉक्टर काय सांगतात?"

"थेरपिस्टना विचारा."

"मग पेशंट काय करतो?"

मी डॉक्टरांच्या खोलीकडे बोट केलं.

"घरी जाऊन किल्ली उचलतो," बाई म्हणाल्या.

यावर उपाय म्हणून चालक पुनर्वसन तज्ज्ञ नावाचा एक प्राणी असतो, अशी माहिती मला त्याच दिवशी मिळाली. आजारानंतर किंवा अपघातानंतर माणसाला पुन्हा गाडी चालवता येईल का ते त्याने तपासायचं, येणार असेल तर शिकवायचं, गाडीत काय बदल करायचे ते सांगायचं, आणि येणार नसेल तर ते तोंडावर सांगायचं. शेवटचं काम कुणालाच नको असतं, म्हणून त्याला प्रमाणपत्र देतात. ते देणारं मंडळ दुसऱ्या शहरात होतं. त्याच्या अटी अशा: लेखी परीक्षा, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून काढलेले एकशे वीस तास, आणि एक संपूर्ण केस, म्हणजे पहिल्या तपासणीपासून परवान्यापर्यंत आणि परवान्यानंतरच्या पाठपुराव्यापर्यंत.

लेखी परीक्षेला मी घाबरलो नाही. मला भलतंच वेड लागलं. माणूस गाडी नेमका कशाने चालवतो, हा प्रश्न मी पन्नाशीला टेकेपर्यंत स्वतःला कधी विचारलाच नव्हता. डोळ्यांनी म्हणावं, तर आपण निम्मा वेळ रस्त्याकडे बघतच नसतो. पायांनी म्हणावं, तर ब्रेक दाबण्याचं ठरवायच्या आत पाय तिथे पोचलेला असतो. मग ठरवलं कुणी? मी बसमध्ये चालकाच्या मागे उभा राहून दर मिनिटाला तो किती वेळा मान वळवतो ते मोजायला लागलो. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांत वाकून लोकांचे पाय बघायला लागलो. दोन जणांनी काचा वर केल्या. बायको म्हणाली, "तू पायांकडे बघ, पण निदान पुरुषांचे बघ."

आमच्या वरच्या मजल्यावर एक विमा एजंट राहतात. त्यांना जिन्यात बातमी कळली, आणि जिन्यातच त्यांनी सल्ला दिला. "प्रमाणपत्र घ्या, पण कुणाला पास करू नका. नापास केलेला माणूस फार तर शिव्या देईल. पास केलेला माणूस खांबाला धडकला की पोलीस पहिलं विचारणार, याला गाडी चालवायला सांगितलं कुणी?"

"पण सगळ्यांना नापास करायचं तर माझी गरज काय?"

"हेच तर," ते म्हणाले. "बिनधोक नोकरी अशीच असते."

केस मिळेना. जे पेशंट गाडी चालवू शकत होते ते तपासणीला येत नव्हते, आणि जे येत होते त्यांच्याकडे गाडी नव्हती. एका गृहस्थांनी सगळ्या चाचण्या मन लावून दिल्या आणि शेवटी सांगितलं की त्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही, पण चाचणीची वेळ त्यांच्या बसच्या वेळेला सोयीची होती. अशात एका मंगळवारी, बाहेरच्या रांगेत एकोणिसाव्या नंबरवर, हातात केसपेपर आणि काठी घेऊन सासूबाई बसलेल्या दिसल्या.

त्यांना आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. बोलणं परत आलं, आणि तेही पूर्वीच्या धारेसकट. उजवा हात बराचसा आला. उजवा पाय सांगितलेलं ऐकायचा, पण सरकारी कचेरीसारखा, उशिरा. त्यांची छोटी, आपोआप गिअर बदलणारी गाडी तेव्हापासून कापडाखाली झाकून उभी होती.

"तुम्हाला केस पाहिजे आहे असं कळलं," त्या माझ्या टेबलासमोर बसत म्हणाल्या.

"आई, घरी बोललो असतो."

"घरी तुम्ही जावई. इथे मध्ये टेबल आहे. लिहून घ्या. रुग्णाचं उद्दिष्ट, दर शनिवारी बहिणीकडे जाणं. बावीस किलोमीटर."

पूल ओलांडून पलीकडच्या गावात त्यांची थोरली बहीण राहते. ती अंथरुणाला खिळलेली आहे. चाळीस वर्षं दर शनिवारी दोघी भेटून भांडतात. एका शनिवारचं भांडण दुसऱ्या शनिवारी जिथे थांबलं तिथून सुरू होतं.

"आम्ही कुणीतरी सोडत जाऊ की तुम्हाला," मी म्हणालो.

"सोडणारा माणूस घड्याळ बघत बसतो. भांडण उरकावं लागतं."

"फोन?"

"फोनवर ती मध्येच ठेवून देते." मग त्या म्हणाल्या, "ती पंच्याऐंशीची आहे, जावईबापू. अजून किती शनिवार आहेत ते मला माहीत नाही. पण म्हणून मला उगाच पास करू नका. एकतीस वर्षं मी कुणाला केलं नाही."

त्याच संध्याकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तिला नाही सांग. माझं ऐकत नाही ती. तू कागदावर लिहून दिलंस तर कागदाचं ऐकेल."

"आणि ती चालवू शकत असेल तर?"

"शकत असेल तरी मला झोप लागायला हवी ना."

म्हणजे आता एकीला खरं उत्तर हवं होतं, दुसरीला नकार हवा होता, मंडळाला फाइल हवी होती, आणि माझी परिस्थिती अशी की उत्तर काय येणार ते मलाच माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

तपासणी दोन दिवस चालली. आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडत जायची एक चाचणी असते. ती सासूबाईंनी वेळेच्या आत संपवली आणि कागद उलटा करून छपाई कुणाकडून करून घेता असं विचारलं. डाव्या पायाचा वेग माझ्यापेक्षा चांगला निघाला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना वाटेत कुठेतरी विसावा घेत होता. मग डोळ्यांसमोरच्या पडद्यावर कडेला लुकलुकणारे दिवे ओळखायचे होते.

"किती चुकले?"

"उजवीकडच्या बारांतले तीन."

"मग नापास. पुढचं बोला."

"नापास नाही, आई. कडेचं दिसायला वेळ लागतो, म्हणून तिकडे आपण होऊन बघायची सवय लावायची. शिकवता येतं."

"नियम वाकवताय?"

"नियम नाही, मान. तुम्ही मला दोनदा नापास केलंत ना, तीच मान."

त्या हसल्या असाव्यात. तोंडाची उजवी बाजू अजून थोडी मागे असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

उजवा पाय कामाचा नसेल तर उपाय सोपा आहे: ब्रेकच्या डाव्या बाजूला आणखी एक ॲक्सिलरेटर बसवायचा. तो खाली पाडला की उजवीकडचा मूळचा आपोआप वर दुमडतो, आणि उलटही. दोन्ही एकदम चालू राहत नाहीत. उजव्या हातासाठी स्टिअरिंगवर एक गोल मूठ लावायची. हे मी आमच्या मेकॅनिकला चित्र काढून समजावलं. त्याने चित्र धरून बघितलं, मग उलटं धरून बघितलं.

"डाव्या पायाने पळवायची, तर मग उजव्याने काय करायचं?"

"काही नाही. स्वस्थ ठेवायचा."

"पाय स्वस्थ बसत नसतो, साहेब. मी वीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करतोय. निम्म्या गाड्या पायाने मोडलेल्या असतात." पण त्याने कंपनीचं तयार पेडल मागवून अगदी नेटकं बसवलं, वर पिवळा रंग दिला, आणि जाताना मला बजावलं, "तुमच्या गाडीला क्लच आहे. या गाडीत बसताना तेवढं ध्यानात ठेवा. क्लचच्या जागी आता हे आहे."

मी त्याच्याकडे करुणेने बघितलं. तज्ज्ञ मी होतो. किंबहुना याच धोक्यावर मी फाइलमध्ये चार पानांचं प्रकरण लिहिलं होतं: 'दुहेरी पेडलाच्या वाहनातील सुरक्षा कार्यपद्धती'. तिचा गाभा असा, की स्टिअरिंगला एक पिवळी पाटी टांगायची, 'डावं पेडल चालू आहे', आणि गाडीत बसणाऱ्याने ती मोठ्याने वाचून तिन्ही पेडलांवर एकेकदा बोट ठेवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. पाटी मी स्वतः पुठ्ठ्याची केली आणि प्लास्टरच्या पट्टीच्या तुकड्याने बांधली.

इथे कागदपत्रं आडवी आली. रस्त्यावर शिकवायला मला परवाना कार्यालयाचं पत्र लागत होतं. कार्यालय म्हणालं, आधी मंडळाचं प्रमाणपत्र दाखवा. मंडळ म्हणालं, आधी रस्त्यावरचे तास दाखवा. तास भरायला पत्र लागत होतं. मी या तिघांच्या मध्ये साडेचार आठवडे फिरलो. कार्यालयाच्या खिडकीवरचा माणूस शेवटी मला बघितलं की आपण होऊन 'नाही' म्हणायचा. विचारायचे कष्ट वाचायचे. घरी येऊन मी या मूर्ख नियमाचा जन्मदाता कोण असेल याबद्दल बरंच बोललो.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"तेव्हा गल्लोगल्ली बोगस शिकवणारे बसले होते. तो नियम बरोबर आहे. त्याचं तिसरं पोटकलम तुम्ही वाचलं नाहीत. रुग्णालयाच्या विभागप्रमुखांनी जबाबदारी घेतली तर एका रुग्णापुरती परवानगी मिळते. लिहा, सांगते."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, बाईंनी सही केली, खिडकीवरच्या माणसाने सवयीने 'नाही' म्हटलं, मग वाचलं, आणि शिक्का मारला.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही रुग्णालयाच्या मागच्या पटांगणात आणि मग रस्त्यावर घालवले. माझ्या मांडीवर नोंदवही, सासूबाईंच्या गाडीच्या कप्प्यात त्यांची नोंदवही. मी त्यांचे तास लिहायचो, त्या माझे गुण लिहायच्या. 'सूचना उशिरा दिली.' 'वळण झाल्यावर वळा म्हणाले.' 'दोनदा डोळे मिटले.' पहिल्या आठवड्यात उजवीकडून आलेली सायकल त्यांना दिसली नाही आणि मी शिकवण्यापुरता माझ्या बाजूला बसवून घेतलेला जादा ब्रेक दाबला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि त्या म्हणाल्या, "ही नोंद करा. ठळक." त्या दिवशी मला वाटलं, बायको म्हणते तेच खरं होणार.

मग आम्ही मानेचा अभ्यास सुरू केला. दर चौकाला मोठ्याने बोलायचं: उजवीकडे काय आहे? "कुत्रं." पुढच्या चौकात? "रिकामं." पुढच्या? "तुमच्याकडे बघून हात करणारा विमा एजंट." सातव्या आठवड्यात त्यांनी बोलणं बंद केलं आणि मान मात्र वळतच राहिली. सवय डोक्यातून उतरून मानेत गेली होती. हे मी जवळून बघितलं, तेव्हा माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला मिळालं. उरलेलं निम्मं अजून यायचं होतं, आणि ते चालत नव्हे, गाडीतून आलं.

मी अभिप्राय लिहिला: चालवण्यास योग्य, डाव्या पेडलासह, उजेड असेपर्यंत, तीस किलोमीटरच्या आत. बायकोने तो वाचला. तिने फाइल मिटली, आणि आईला विचारलं, "शनिवारी पोचलीस की फोन करशील ना?"

"करेन. तू मध्येच ठेवू नकोस."

आता उरली होती फक्त परवाना कार्यालयाची चाचणी.

त्या सकाळी विभागप्रमुख बाई आपण होऊन आल्या. रुग्णालयाच्या माहितीपत्रकासाठी त्यांना चित्रीकरण करायचं होतं. कार्यालयाचं आवार ऐसपैस होतं. चाचणीच्या वाटेवर रंगवलेले पत्र्याचे पिंप, कडेला फुलझाडांच्या कुंड्यांची ओळ, दारापाशी पहारेकऱ्याची खुर्ची आणि 'सावकाश' असा फलक. परीक्षक तरुण होता आणि सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला होता. त्यांना बघून तो उभाच राहिला.

"मॅडम, तुमची काय चाचणी घ्यायची? बसा, सही करून देतो."

"फॉर्म काढ," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या रकान्यापासून भर. चाचणी न घेता सही केलीस तर मी वरती तक्रार करेन, आणि नमुना मला पाठ आहे."

दोघं फॉर्म भरायला आत गेले. बाहेर मी, बाई, आणि जरा तिरकी उभी राहिलेली गाडी. माझ्या कारकिर्दीतली पहिली संपूर्ण केस अशी तिरकी उभी असणं मला बरं दिसेना. वाटलं, पाच फूट मागे, पाच फूट पुढे, सरळ करून ठेवू. किल्ली गाडीतच होती; बसलो. स्टिअरिंगला ती पुठ्ठ्याची पाटी लोंबत होती. तिची कोपऱ्यातली पट्टी मळली होती. चित्रीकरणात असली गबाळी वस्तू नको, म्हणून मी पाटी सोडली आणि खिशात ठेवली.

पाटी न वाचता.

मागे नीट घेतली. मग पुढे. ब्रेक सोडला की आपोआप गिअरची गाडी आपली आपण सरकते, तशी ती सरकली, पाच फूट झाले, आता थांबवायची. आणि थांबवायची म्हटल्यावर वीस वर्षं जे होत आलं तेच झालं: माझा डावा पाय क्लचकडे गेला आणि त्याने क्लच पूर्ण दाबला.

तो क्लच नव्हता. गाडीने उडी घेतली. डाव्या पायाला वीस वर्षांत एकच गोष्ट ठाऊक होती, क्लच दाबला की इंजिनाचं काही चालत नाही. त्यामुळे गाडी जसजशी पळू लागली तसतसा तो अधिक निष्ठेने दाबत गेला. पहिला पिंप गेला. तीन कुंड्या गेल्या. पहारेकरी नुकताच पाणी प्यायला उठला होता. त्याची खुर्ची गेली. माझ्या उजव्या पायाला ब्रेक सापडला तेव्हा गाडीचं नाक 'सावकाश' या फलकाला टेकलेलं होतं आणि तो हळूहळू मागे झुकत होता. पडला नाही. एवढं एकच त्या आवारात त्या दिवशी सावकाश झालं.

कुणाला काही लागलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागे बाईंचा फोन तसाच रोखलेला होता.

काठी टेकत सासूबाई आल्या. त्यांनी पिंप बघितला, कुंड्या बघितल्या, खुर्ची बघितली, मग खिडकीतून स्टिअरिंग बघितलं.

"पाटी कुठे आहे?"

"खिशात."

"खिसा काही चालवायचा नव्हता," त्या म्हणाल्या. "उतरा."

मी उतरलो. त्या बसल्या, हात पुढे केला. मी पाटी दिली. त्यांनी ती टांगली, आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली, "डावं पेडल चालू आहे," काठीच्या टोकाने एकेक पेडल चाचपलं, आरसा, मान, पुन्हा आरसा, आणि डाव्या पायाने गाडी पिंप आणि कुंड्यांच्या मधून एका दमात मागे काढली. परीक्षक अर्धवट फॉर्म हातात घेऊन बघत होता.

"झाली ना चाचणी, मॅडम? यापेक्षा अवघड आमच्याकडे काही नाही."

"ही गाडी काढणं झालं. चाचणी बाकी आहे."

त्यांनी पूर्ण चाचणी दिली, आवारात आणि बाहेर रस्त्यावर. परत आल्यावर त्याला विचारलं, "दुसऱ्या चौकात उजवीकडे बघायला मला उशीर झाला. गुण कापलास?"

"नाही, मॅडम."

"काप."

त्याने कापला. तरी त्या पास झाल्या. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. तेवढाच आवाज झाला.

माझं काम अजून संपलं नव्हतं. परीक्षक चाचरत म्हणाला, "सर, एक नियम आहे. आवारात अपघात करणाऱ्याचा परवाना पुन्हा चाचणी देईपर्यंत जमा करावा लागतो. फार जुना नियम आहे. कुणी केला कोण जाणे."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या फलक सरळ करत होत्या.

परवान्याशिवाय मला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, आणि एकशे वीस तासांतले अकरा तास अजून शिल्लक होते. शिवाय रुग्णालयात जायचं कसं हाही प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खाली हॉर्न वाजला. सासूबाईंनी आपली नोंदवही पुढे करून मंडळाच्या नियमावर बोट ठेवलं. उमेदवार शेजारच्या सीटवर असावा, एवढंच त्यात होतं. कोण कुणाला कुठे नेतंय, हे कुठेच नव्हतं. "बसा. पाठपुरावाही होईल."

अशा रीतीने मी माझ्या रुग्णाकडून रोज कामावर पोचवला जाऊ लागलो. विमा एजंट गॅलरीत उभे राहून बघत आणि म्हणत, "नापास करायला हवं होतं." शेवटचे तास शनिवारचे. मी पुलापलीकडच्या घरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकायचो. विषय मला कधी कळला नाही. तो माझ्या लग्नाच्या आधीचा होता. थोरलीने पहिल्या शनिवारी मला न्याहाळून विचारलं, "हा कोण?"

"माझा तज्ज्ञ."

"कसा आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "अजून तपासते आहे."

मी चाचणी पुन्हा दिली. शिकवायला त्याच होत्या. पास झालो. तरुण परीक्षकाने शेरा काय मारला ते मी सांगत नाही. तो चांगल्या गुरूकडे शिकला होता.

फाइल मंडळाकडे गेली आणि परत आली. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर रुग्णाने तज्ज्ञाबद्दल अभिप्राय लिहून सही करायची होती. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. इतका खटाटोप मी कशासाठी केला होता ते आठवा. त्यांचं काम माझ्या सहीवाचून अडावं म्हणून. सासूबाईंनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल काढली, बराच वेळ लिहिलं, आणि पान पालथं करून मला दिलं. मी जिन्यात जाऊन वाचलं: 'रुग्णाला खोटं सांगत नाहीत. शेजारी बसण्यास योग्य. स्वतः चालवण्यास काठावर.'

आता हिशेब. सासूबाईंना परवाना मिळाला आणि आतापर्यंत तेवीस शनिवार. थोरल्या बहिणीला भांडायला तेवढेच. बायकोला दर शनिवारी एक फोन, आणि त्यानंतर झोप. मेकॅनिककडे आणखी तीन पेडलं बसवायला आली. विमा एजंटांना एक नवं गिऱ्हाईक मिळालं, ते मी. बाईंना माहितीपत्रकासाठी चित्र मिळालं नाही, पण ते चित्रीकरण मंडळाने प्रशिक्षणासाठी मागून घेतलं. आता दरवर्षी नवे उमेदवार पहिल्या तासाला तेच बघतात, पाटी सक्तीची झाली आहे, आणि मला तिच्यावर व्याख्यान द्यायला बोलावतात. माझ्या नावापुढे पाच अक्षरं लागली. स्वतंत्र खोलीही मिळाली. तिला खिडकी नाही. जुनी खोली, खिडकीसकट, आता मेणाची एकट्याची आहे.

किंमत म्हणाल तर ती मोजली पिंपाने, तीन कुंड्यांनी, एका खुर्चीने आणि मी.